वॉर्सा येथील ग्रंथदाह व संग्रहरक्षक स्तानिस्वाव लोरेन्त्स

(१)

इ. स. १७६३ त निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें. शहरांतील पुष्कळ लोक आपली चीजवस्त घेऊन आधींच डोंगरी किल्ल्यांच्या आश्रयास गेले होते. परंतु मोगलांची एक तुकडी सिंहगडच्या पायथ्याच्या वस्तीपर्यंत पोंचली, तिनें तेथें जमलेल्या लोकांचें द्रव्य लुटलें, आणि त्या लुटालुटींत मराठ्यांच्या इतिहासाचे बरेच लेख व सरकारी कागद नष्ट झाले, असें ग्रँट डफ यानें नमूद करून ठेविलें आहे. त्याच वर्षीं १० ऑगस्ट रोजीं राक्षसभुवनच्या लढाईंत माधवराव पेशव्यांनीं या जाळपोळीचें उट्टें काढलें. गेलेला मुलूख परत आला. गेलेले कागद परत आले नाहींत.

यानंतर पंचाण्णव वर्षांनीं, म्हणजे एप्रिल १८५८ त, सर ह्यू रोज याच्या सैन्यानें झांशी घेतली. पेणजवळच्या वरसईचे वेदशास्त्रसंपन्न विष्णुभट गोडसे हे त्या वेळीं शहरांतच होते. झांशीच्या राजवाड्यांतील मोठ्या ग्रंथसंग्रहाचा त्या लुटींत कसा नाश झाला, याचें वर्णन त्यांनीं आपल्या ‘माझा प्रवास’ या वृत्तांतांत मोठ्या हळहळीनें केलें आहे. गोडसे भिक्षुक होते. पोथी लिहून होण्यास किती दिवस लागतात व ती फाडण्यास किती क्षण पुरतात, हें त्यांस सांगावें लागत नव्हतें. त्यांचा हा वृत्तांत चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं फेरफार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे सुरक्षित राहिलें, म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांस तें १९६६ सालीं मुळाबरहुकूम छापतां आलें.

या दोन प्रसंगांत एक भेद आहे व तोच प्रस्तुत लेखाचा विषय होय. सिंहगडाखालीं गेलेल्या कागदांची याद आज अभ्यासकांच्या हातीं नाहीं. त्यामुळें आपण फक्त ‘पुष्कळ गेलें’ एवढेंच म्हणूं शकतों. झांशीच्या संग्रहाविषयीं एका डोळस साक्षीदाराची आठवण राहिली. म्हणून तेथें काय प्रकारचें धन होतें हें तरी कळतें. आपल्या जुन्या दफ्तरांत टिपणास व जंत्रीस ‘याद’ म्हणतात आणि बोलण्यांत आठवणीसहि ‘याद’च म्हणतात. भाषेनें हे दोन अर्थ एका शब्दांत ठेविले हें योग्यच झालें. ज्या वस्तूची जंत्री नाहीं तिची आठवणहि फार दिवस टिकत नाहीं.

परचक्रांत संग्रह कसा राखावा, आणि राखतां आला नाहीं तर काय राखावें, याचा वस्तुपाठ गेल्या शतकांत ज्या एका विद्वानानें घालून दिला, त्याचें स्मरण हस्तलिखितें बाळगणाऱ्या आपल्यासारख्या मंडळींनीं करणें अगत्याचें आहे. हे विद्वान म्हणजे पोलंडची राजधानी वॉर्सा येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक स्तानिस्वाव लोरेन्त्स होत.

(२)

पोलंड देश आपल्यापासून दूर खरा. पण तेथील लोक महाराष्ट्रास अगदींच अपरिचित नाहींत. दुसऱ्या महायुद्धांत मायभूमीस पारखीं झालेलीं पोलिश मुलें १९४२ सालीं प्रथम आपल्या उपनगरांतील वांद्रें येथें कांहीं काळ उतरलीं होतीं व तेथून जामनगरजवळ बालाचडी येथें गेलीं. पुढें १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडें येथें सुमारें पांच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. तीं माणसें ज्या देशांतून आलीं होतीं, त्या देशाचे ग्रंथ व दफ्तरें याच सुमारास अग्नीच्या तोंडीं जात होतीं.

संस्कृताच्या अभ्यासकास पोलंडचें आणखीहि एक नातें आठवेल. स्तानिस्वाव शायर या पंडितानें चंद्रकीर्तीच्या ‘प्रसन्नपदे’तील निवडक प्रकरणें जर्मन भाषेंत आणून १९३१ सालीं प्रसिद्ध केलीं, व लगेच १९३२ त वॉर्सा विद्यापीठांत प्राच्यविद्येची संस्था उभी केली. शायर व लोरेन्त्स हे दोघेहि १८९९ सालीं जन्मलेले. जर्मनांनीं विद्यापीठ बंद केलें, आणि शायर १९४१ च्या डिसेंबरांत वारले. माध्यमिक शास्त्राचें विवरण करणारा पंडित बेचाळिसाव्या वर्षीं निघून गेला, आणि त्याच वयाचा दुसरा विद्वान त्याच शहरांत संग्रहालयाच्या तळघरांत पेट्या मोजीत बसला होता.

(३)

लोरेन्त्स यांचा जन्म २८ एप्रिल १८९९ रोजीं रादोम या गांवीं झाला. कलेचा इतिहास हा त्यांचा विषय. १९२९ पासून १९३५ पर्यंत ते विल्नो येथें त्या प्रांताच्या प्राचीन वास्तूंचे रक्षक म्हणून काम करीत होते. विल्नो म्हणजे आजच्या लिथुआनियाची राजधानी. तेथील मुख्य देवळांत १९३१ च्या वसंत ऋतूंत नदीच्या महापुराचें पाणी शिरलें, आणि त्याची दुरुस्ती चालू असतांना जमिनीखालीं जुन्या राजघराण्यांतील व्यक्तींच्या शवपेटिका सांपडल्या. पुरानें जें उघडें केलें तें जपून बाहेर काढणें, त्याची नोंद करणें व पुन्हां योग्य जागीं ठेवणें, हें शिक्षण त्यांस शांततेच्या काळींच मिळालें.

पुढें ते वॉर्सा येथील राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रमुख झाले. संग्रहालयाची नवी प्रशस्त इमारत १८ जून १९३८ रोजीं लोकांस खुली झाली. त्यानंतर सव्वा वर्षांत, १ सप्टेंबर १९३९ रोजीं, जर्मन सैन्य पोलंडांत शिरलें. नव्या इमारतीचा रंग जुना होण्यापूर्वींच तिच्या भिंतींवर तोफांचे गोळे आदळूं लागले.

वॉर्साचा वेढा चालू असतां १७ सप्टेंबर १९३९ रोजीं तेथील राजवाड्यावर भडिमार होऊन त्यास आग लागली. वाड्यांतील संग्रहाचे रक्षक कझिमिएझ ब्रोक्ल हे त्याच दिवशीं आपल्या जागेवर मारले गेले. जळत्या वाड्यांतून चित्रें, गालिचे, सामानसुमान बाहेर काढून संग्रहालयांत नेण्याचें काम लोरेन्त्स, त्यांचे सहकारी व शहरांतील साधीं माणसें यांनीं केलें. पण यापुढें जें घडलें तें अग्निशमनापेक्षां अवघड होतें.

(४)

शहर पडल्यावर जर्मन अधिकाऱ्यांनीं राजवाडा पाडण्याचें ठरविलें. आंतील किंमती वस्तू त्यांनीं नेल्या, आणि सुरुंगाची दारू भरण्यासाठीं भिंतींना हजारों भोंकें पाडलीं. लोरेन्त्स यांनीं या मुदतींत एक विलक्षण उद्योग केला. वाडा वांचविणें शक्य नव्हतें; म्हणून वाड्याचे तुकडे वांचवावे असें त्यांनीं ठरविलें. दारांच्या चौकटी, शेकोटीचे कोरीव दगड, स्तंभांचे अंश, भिंतींवरील नक्षीचे खंड, लाकडी तावदानें, असें जें जें हातीं लागलें तें तें निरनिराळ्या सबबींवर बाहेर काढून संग्रहालयांत ठेवण्यांत आलें. तो ढीग पाहणाऱ्यास निव्वळ राडारोडा वाटला असता. परंतु प्रत्येक तुकडा कोठून आला हें ज्यांस ठाऊक होतें, त्यांच्या दृष्टीनें तो वाड्याचा सांगाडाच होता.

संग्रहालय जर्मनांनीं आपल्या ताब्यांत घेतलें व त्यावर आपला अंमलदार नेमला. लोरेन्त्स त्या अंमलदाराच्या हाताखालीं कामावर राहिले. येथें वाचकाच्या मनांत एक प्रश्न उभा राहील व तो टाळून चालणार नाहीं. शत्रूच्या चाकरींत राहणें हें स्वाभिमानी माणसास शोभतें काय? राजीनामा देऊन घरीं बसणें अधिक निर्मळ दिसलें असतें. पण घरीं बसलेल्या माणसास कोणती पेटी कोणत्या दिवशीं कोणत्या गाडींतून कोठें गेली हें कळलें नसतें. लोरेन्त्स यांनीं दारांत उभें राहून हेंच पाहिलें. आणि हें काम ते एकटे करीत नव्हते. पोलिश लोकांचें जें गुप्त शासन त्या काळीं चालत होतें, त्यांतील संग्रहालयें व प्राचीन ठेवा यांच्या रक्षणाचा भार त्यांच्यावर होता. दिवसां सरकारी नोकर व रात्रीं त्याच सरकारच्या लुटीचा टिपणकार, अशीं दुहेरी वर्षें त्यांनीं काढलीं. उघडकीस आल्यास शिक्षा काय होती हें सांगण्याची जरूरी नाहीं. ज्यांनीं त्यांस नियुक्त केलें होतें ते नगराध्यक्ष स्तेफान स्ताझिन्स्की हे जर्मनांच्या कैदेंत गेले ते परत आलेच नाहींत.

लोरेन्त्स यांच्या या वर्तनाचें मर्म असें कीं, वस्तू राखणें व वस्तूविषयींचें ज्ञान राखणें हीं दोन निरनिराळीं कर्में आहेत हें त्यांनीं ओळखलें. पहिलें साधत नसेल तेथेंहि दुसरें साधतां येतें. आणि दुसरें साधलें तर पहिलें पुढें केव्हां तरी साधण्याचा संभव राहतो.

(५)

१ ऑगस्ट १९४४ रोजीं वॉर्साच्या लोकांनीं जर्मनांविरुद्ध उठाव केला. त्रेसष्ट दिवस लढून २ ऑक्टोबर रोजीं त्यांस शरण जावें लागलें. या काळांत सप्टेंबर महिन्यांत राजवाड्याच्या उरलेल्या भिंती सुरुंगानें उडविण्यांत आल्या. त्याच महिन्यांत देशाचें मुख्य ऐतिहासिक दफ्तरखानें जळालें व त्यांतील बहुतांश कागद नष्ट झाले. तरीहि या सर्वांहून वाईट गोष्ट तह झाल्यावर घडली.

वॉर्साच्या ओकुल्निक नांवाच्या रस्त्यावर क्रासिन्स्की घराण्याच्या ग्रंथालयाची इमारत होती. जर्मनांनीं शहरांतील ग्रंथालयें एका कारभाराखालीं आणून, निरनिराळ्या संस्थांकडील हस्तलिखितें, जुनीं मुद्रितें, नकाशे, स्वरलेखनें व चित्रें या एका इमारतींत एकत्र करविलीं होतीं. त्यांत झावुस्की बंधूंच्या सुप्रसिद्ध संग्रहांतील हस्तलिखितेंहि होतीं. या संग्रहाचें दैव विलक्षण होतें. दोघां बंधूंनीं तो १७४७ सालीं लोकांस खुला केला. पोलंडचें राज्य बुडालें तेव्हां रशियानें तो उचलून सेंट पीटर्सबर्गला नेला. १९२१ च्या रीगा येथील तहानें त्याचा कांहीं भाग सव्वाशें वर्षांनीं परत आला. आणि ऑक्टोबर १९४४ त, लढाई संपलेली असतां, शरणागतीच्या कागदावर सह्या झालेल्या असतां, जर्मनांच्या जाळपोळ करणाऱ्या पथकानें ही इमारत आंतल्या ठेव्यासकट पेटवून दिली. त्या ग्रंथांच्या राखेचा अंश आज वॉर्सांत एका कलशांत जतन करून ठेविला आहे. आपल्याकडे अस्थींचा कलश असतो. तेथें ग्रंथांचा आहे.

संग्राहकांनीं या गोष्टींतील एक बारकावा लक्षांत घ्यावा. हे संग्रह निरनिराळ्या ठिकाणीं राहिले असते तर कांहीं जळाले असते, कांहीं वांचले असते. ते एका छपराखालीं आले म्हणून एकाच आगींत संपले.

आतां लोरेन्त्स यांच्या मुख्य कार्याकडे येऊं. शरणागतीच्या करारांत कलेच्या, संस्कृतीच्या व धर्मसंस्थांच्या मौल्यवान वस्तू शहराबाहेर नेण्यासंबंधीं एक कलम होतें. ओसाड केलेल्या वॉर्सांत पोलिश माणसास पाऊल ठेवण्याची बंदी होती. या कलमाचा आधार घेऊन लोरेन्त्स व त्यांचे सोबती यांनीं परवाने मिळविले. वॉर्साच्या नैर्ऋत्येस प्रुश्कूव नांवाचें गांव आहे. तेथून संग्रहालयाचे, ग्रंथालयांचे व दफ्तरखान्यांचे लोक नोव्हेंबर १९४४ पासून रोज सकाळीं शहरांत जाऊं लागले. त्यांत विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे वात्स्वाव बोरोवी व बोहदान कोझेन्येव्स्की यांच्यासारखे विद्वान होते. प्राध्यापकांनीं हमालांचें काम केलें. तावदानें फुटलेल्या खोल्यांतून, हिंवाच्या कडाक्यांत, जमिनीवर विखुरलेलीं पुस्तकें गोळा करावयाचीं, बांधावयाचीं, खालीं उतरवून मालमोटारींत भरावयाचीं, आणि हें चालू असतां शेजारच्या रस्त्यावर जाळणारें पथक घरामागून घर पेटवीत येत आहे हें पाहावयाचें, असा तो क्रम होता. जी इमारत उद्यां जळणार ती आज रिकामी करावयाची, एवढाच हिशेब. १७ जानेवारी १९४५ रोजीं शहरांतून जर्मन हटले, तोपर्यंत हें काम चाललें. पोलिश इतिहासांत यास प्रुश्कूवची मोहीम म्हणतात. या मोहिमेंत एकहि गोळी झाडली गेली नाहीं.

(६)

यादींचें व नकलांचें फळ युद्धानंतर दिसलें. त्याचे तीन दाखले देतों.

पहिला दाखला क्राकूव येथील वेदीचा. वित स्त्वोश या शिल्पकारानें १४७७ ते १४८९ या काळांत घडविलेली ही प्रचंड लाकडी शिल्पकृति जर्मनांनीं न्यूरेंबर्ग येथें नेली होती. क्राकूवचे कलापंडित कारोल एस्त्राइखेर हे युद्धकाळांत लंडन येथें होते. पोलंडांतून गुप्तपणें येणाऱ्या वार्तांवरून त्यांनीं गेलेल्या वस्तूंची जंत्री तयार केली व ती १९४४ सालीं छापून काढली. वॉर्सांत बसून टिपणारे व लंडनांत बसून संकलन करणारे अशी ती सांखळी होती. युद्ध संपतांच एस्त्राइखेर वेदीच्या मागावर गेले, आणि ३० एप्रिल १९४६ रोजीं ती आगगाडीनें क्राकूवला परत आली. हक्क सांगावयाचा तर वस्तूचें वर्णन हातांत असावें लागतें. तें येथें होतें.

दुसरा दाखला नकाशांचा. वॉर्सा येथील तांत्रिक विद्यालयांत यान झाख्वातोविच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं शहरांतील जुन्या इमारतींची मोजमापें घेऊन आराखडे तयार केले होते. उठाव मोडल्यावर हे आराखडे शहराबाहेर काढून प्योत्रकूव येथील मठांत लपविण्यांत आले. युद्धानंतर जुनें वॉर्सा पुन्हां बांधलें तें या आराखड्यांवरून. त्यांस जोड मिळाली ती अठराव्या शतकांत बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकारानें हुबेहूब काढलेल्या तेथील रस्त्यांच्या चित्रांची. १९८० सालीं या पुन्हां उभारलेल्या जुन्या शहरास जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें.

तिसरा दाखला राजवाड्याचा. तो पुन्हां बांधण्याचा निर्णय १९७१ च्या आरंभीं झाला. त्या वेळीं लोरेन्त्स बहात्तर वर्षांचे होत आले होते, व या कामाच्या पुरस्कर्त्यांत ते अग्रभागीं होते. एकतीस वर्षांपूर्वीं ज्यास कोणी राडारोडा म्हटलें असतें, ते दगड, त्या चौकटी व ते नक्षीचे खंड आतां नव्या भिंतींत आपापल्या जागीं बसविण्यांत आले. १९८४ सालीं वाडा लोकांस खुला झाला. लोरेन्त्स १९८२ पर्यंत संग्रहालयाचे संचालक होते व १५ मार्च १९९१ रोजीं वारले. वाडा जळतांना पाहिलेल्या माणसास तो उभा राहिलेला पाहावयास मिळाला, असें भाग्य फारच थोड्या रक्षकांच्या वांट्यास येतें.

त्यांच्या स्वभावाची एक खूण येथें सांगितली पाहिजे. वॉर्सांतील या सर्व खटपटींची हकीकत त्यांनीं स्वतःची कीर्ति म्हणून लिहिली नाहीं. ज्यांनीं ज्यांनीं यांत भाग घेतला त्यांच्याकडून वृत्तांत लिहवून घेऊन, त्यांचे दोन खंड त्यांनीं १९७० सालीं संपादन केले. म्हणजे संग्रह राखण्याच्या कामाचेंहि दफ्तर त्यांनीं केलें.

(७)

याच्या उलट बाजूहि मांडली पाहिजे. आपल्याकडील पुष्कळ संग्राहक आपल्या पोथ्यांची यादी करूं देत नाहींत, केल्यास दाखवीत नाहींत. यादी बाहेर गेली कीं चोर, दलाल व भाऊबंद तिघेहि दारीं येतात, असें त्यांचें म्हणणें असतें. ही भीति निराधार नाहीं. आणि वॉर्साचा इतिहासच तिला पुरावा देतो. डागोबेर्ट फ्राय नांवाचा एक जर्मन कलापंडित युद्धापूर्वीं पाहुणा म्हणून पोलंडांतील संग्रह पाहून गेला होता. १९३९ सालीं तोच लुटीच्या कामांतला जाणकार म्हणून परत आला. ज्यांनीं त्यास विश्वासानें पेट्या उघडून दाखविल्या होत्या, त्यांच्याच पेट्या त्यानें दाखवून दिल्या. विद्या ही विवेकावांचून किती घातक होते, याचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

परंतु यावरून यादी करूं नये असा निष्कर्ष निघत नाहीं. लुटारूस वस्तू यादीवांचूनहि सांपडते. मालकास ती यादीवांचून परत मागतां येत नाहीं. फ्रायच्या जाणकारीनें वस्तू गेल्या हें खरें, पण एस्त्राइखेरच्या जंत्रीनें त्यांतील कांहीं परत आल्या हेंहि तितकेंच खरें. म्हणून उपाय गुप्ततेंत नसून विभागणींत आहे. वस्तू एके ठिकाणीं, यादी दुसऱ्या ठिकाणीं व नक्कल तिसऱ्या ठिकाणीं असली म्हणजे एका आगींत किंवा एका दरोड्यांत तीनहि जात नाहींत.

(८)

हा नियम आपल्या दारांतच सिद्ध झाला आहे. बोरिवलीजवळच्या कान्हेरी येथें मोठ्या चैत्यगृहासमोरील स्तूपांत डॉ. जेम्स बर्ड यास १८३९ सालीं एक ताम्रपट सांपडला. सिंधु देशांतून आलेल्या बुद्धरुचि नांवाच्या भिक्षूनें कृष्णगिरीच्या महाविहारांत शारद्वतीपुत्राच्या स्मरणार्थ चैत्य बांधला, असें त्यांत सांगितलें असून त्यावर त्रैकूटकांच्या संवताचें २४५ वें वर्ष घातलें आहे. हा मूळ पत्रा आज उपलब्ध नाहीं. पण त्याची प्रतिकृति वेळींच छापली गेली, म्हणून म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांस १९५५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या कलचुरि-चेदि लेखांच्या संग्रहांत त्याचा समावेश करतां आला, आणि साष्टी बेटावरील त्रैकूटकांच्या सत्तेचा एक निश्चित आधार टिकला. तांबें गेलें, अक्षर राहिलें. सिंहगडाखालच्या कागदांच्या बाबतींत असें म्हणतां येत नाहीं.

राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधनें’ छापण्यास आरंभ केला, अथवा १९३० ते १९३४ या काळांत रियासतकार सरदेसाई यांनीं पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग काढले, त्यांचा उपयोग अभ्यासकांस झाला हें सर्वांस मान्य आहे. पण छापलेला कागद शेंकडों घरीं जाऊन बसतो व त्यामुळें अमर होतो, हा त्यांचा दुसरा उपयोग आपण क्वचितच बोलून दाखवितों. जुने लेखक पोथीच्या अखेरीस तेल, पाणी व शिथिल बंधन यांपासून तिला जपण्याची विनंती करीत. त्यांनीं अग्नीचाहि उल्लेख करावयास हवा होता.

युद्ध आपल्यापर्यंत येणार नाहीं, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत दारूगोळ्यानें भरलेलें जहाज फुटलें, तेव्हां शेंकडों माणसें मेलीं व कित्येक वखारी भस्म झाल्या. त्या दिवशीं मुंबईवर कोणत्याहि शत्रूचा हल्ला नव्हता. सांस्कृतिक ठेव्याच्या युद्धकालीन रक्षणासंबंधीं हेग येथें १९५४ सालीं जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यांत आपला देश १९५८ सालीं सामील झाला हें चांगलेंच आहे. परंतु ज्या रुमालाचें अस्तित्वच कोणास ठाऊक नाहीं, त्याचें रक्षण कोणताहि करार करूं शकणार नाहीं.

शिवाय नाशास युद्धच लागतें असें नाहीं. प्रस्तुत लेखक मुलुंड येथें राहतो. या बाजूस काय किंवा घाटकोपर, अंधेरी, बोरिवली या भागांत काय, कोंकणांतून व देशावरून आलेल्या घराण्यांनीं आणलेलीं दफ्तरें अजून पोटमाळ्यांवर आहेत. जुन्या चाळी व बंगले पाडून तेथें उंच इमारती उठत आहेत. घर रिकामें करण्याची मुदत ठरलेली असते. मोडी वाचणारें माणूस घरांत उरलेलें नसतें. आणि रुमाल रद्दीच्या गाडीवर जातो. प्रुश्कूवच्या लोकांस निदान ठाऊक होतें कीं आज जें उचललें नाहीं तें उद्यां जळणार. आपल्यास तेवढीहि पूर्वसूचना मिळत नाहीं.

म्हणून संग्राहक मित्रांस एवढीच विनंति आहे कीं, प्रत्येकानें आपल्या संग्रहाची याद करावी. तींत ग्रंथाचें नांव, कर्ता, लेखनकाल, पत्रसंख्या, मिति, आरंभ व शेवट, पुष्पिका असल्यास ती, आणि कागदाची स्थिति एवढें असावें. दफ्तर असेल तर रुमालवार कागदांची संख्या व पत्र लिहिणाऱ्यांचीं नांवें द्यावीं. या यादीची एक प्रत घरांत, एक दुसऱ्या गांवच्या विश्वासू आप्ताकडे व एक एखाद्या मान्य संस्थेकडे, हवी तर मोहोरबंद करून, ठेवावी. महत्त्वाच्या पत्रांचीं छायाचित्रें घेण्यास आतां फारसा खर्च येत नाहीं. तींहि अशीच वांटून ठेवावींत. हें काम एका पावसाळ्यांत होण्यासारखें आहे.

लोरेन्त्स यांचें खरें स्मारक वॉर्साचा राजवाडा आहे, आणि तो तेथील लोकांनीं बांधला. आपल्या हातून त्यांचें जें स्मारक होण्यासारखें आहे, त्यास एक वही व एक लेखणी पुरे.